पेवात सोडलेला दिवा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही मी आपलं पाऊसपाणी, मुलांची दुखणी, असलंच काहीतरी बोलून परत यायचो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

सुरुवात कुठून करू? जन्म मास्तरकीत गेला, त्यामुळे प्रस्तावनेशिवाय बोलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर प्रस्तावना लांबवली की मूळ गोष्ट तेवढी लांब राहते. गृहपाठ न करता आलेली पोरं अशीच बोलतात, मला ती युक्ती चांगली ठाऊक आहे. तेव्हा मी वेळ काढतोय असं तुम्हाला वाटलं, तर तुमचं बरोबरच आहे.

आधी माझी भीती सांगतो. मी सोलापूर शहरातला. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं आणि नळाचं पाणी प्यायचं, आड-विहिरींशी माझा संबंध नव्हता. तो नव्हता याचा मला मनातून आनंदच होता, कारण लहानपणापासून मला खोल जागेची भीती वाटते. आडात डोकावलं की खालून कुणीतरी आपल्याला बोलावतंय असं वाटायला लागतं. आता बावीस वर्षांच्या, मिशा राखलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं? मी सांगितलं नाही. माझा जिवलग मित्र निवृत्ती, त्यालाही नाही. त्याला माहीत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला पुष्कळदा वाटतं — पण हे वाक्य तुम्ही सोडून द्या. ही सबब झाली.

एकोणीसशे तीसनंतरचा तो काळ. निवृत्ती आणि मी सोलापुरात मास्तरकीचं शिक्षण घेत होतो. शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी तेव्हा खेड्याशिवाय दुसरा विषय नसायचा. चरखा, ग्रामोद्योग, स्वयंपूर्ण खेडं — भाषणं तोंडपाठ होती, खेडं तेवढं पाहिलेलं नव्हतं. निवृत्ती खेड्यातलाच, तो आमच्या भाषणांना गालातल्या गालात हसायचा. एकदा म्हणाला, चल माझ्या गावाला, तिथं आम्ही मीठ-लोखंडाशिवाय काही विकत घेत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी निघालो. बरोबर एक कोरी वही घेतली, कारण परत आल्यावर आमच्या हस्तलिखित मासिकात निबंध लिहायचा हे मी आधीच ठरवलं होतं.

गाव टेंभुर्णीपासून बैलगाडीनं अडीच कोस. नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं आहेत.

निवृत्तीनं सांगितलं होतं ते खरंच होतं. तेल गावच्या घाण्याचं, करडईचं. घोंगडी गावच्या मेंढरांची, मडकी गावच्या मातीची. गूळ नदीकाठच्या उसाच्या फडातला, सणापुरता सगळ्यांना पुरायचा. मीठ आणि लोखंड एवढंच बाहेरून यायचं. विस्तवसुद्धा विकतचा नव्हता — चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचा, तो गेला तर शेजारणीकडून खापरीवर आणायचा. मी वहीत भराभर टिपून घेत होतो आणि भारावून जात होतो. गावकुसाबाहेरच्यांना वाटा टोपलीतून लांबून दिला जायचा, तेही दिसलं. ते टिपलं नाही.

निवृत्तीच्या घरात त्याचे वडील होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. थोरला भाऊ सखारामदादा, त्याची बायको गोदावहिनी, आणि त्यांची तीन वर्षांची चंद्रा. ही पोरगी जमिनीवर चालताना मी फारशी पाहिलीच नाही, ती कायम बापाच्या खांद्यावर. पहिल्या दिवशी वहिनींनी चुलीपुढं बसवून वाढलं. गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि तिच्यावर तेलात तळलेला लसूण, कुटलेल्या शेंगदाण्याची चटणी, वाटीभर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. तसं जेवण मी नंतर कुठंही जेवलो नाही. दादानं आपल्या भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून माझ्या ताटात टाकला. घरात तो पापुद्रा चंद्राचा असायचा. त्या दिवशी माझा झाला, आणि पोरगी माझ्याकडे डोळे वटारून बघत बसली.

सखारामदादा धिप्पाड माणूस, पण बोलण्यात सारखी मस्करी. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला पकडलं.

"मास्तर, आडाला लई लांबनं वळसा घेता की तुमी. आडात सासू हाय का काय तुमची?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, कडेला शेवाळ आहे, पाय घसरेल. तिथं खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार दिवस चेष्टा झाली असती. इतकंच.

आता पेव. तुमच्यातल्या शहरी माणसांसाठी सांगतो. पेव म्हणजे मुरमात खणलेलं धान्याचं भुयार, मडक्याच्या आकाराचं — तोंड लहान, पोट मोठं. निवृत्तीच्या गावात सगळ्या गावाचं मिळून एक पेव होतं. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या खळ्यातला वाटा त्यात ओतायचं, वर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. दिवाळीच्या सुमाराला घरोघरची ज्वारी संपत आली की ते उघडायचं, आणि त्या दिवशी साऱ्या गावानं त्याच ज्वारीची भाकरी खायची. त्यासाठीच निवृत्तीनं मला नेमका त्या दिवसांत नेलं होतं.

पण बंद पेवात वाईट हवा साठते. गावची माणसं तिला वाफ म्हणायची. ती दिसत नाही, पण आत उतरलेला माणूस गुंगी येऊन पडतो आणि परत उठत नाही. म्हणून सकाळी शिळा काढायची, दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, आणि मग दोरीला बांधून पणती आत सोडायची. शंभर मोजेपर्यंत पणती तेवली तर माणसानं उतरायचं. विझली तर त्या दिवशी उतरायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पणती. त्या वर्षी पीक बेताचं आलेलं, पेव अर्धंच भरलं होतं. अर्ध्या पेवाची वाफ जास्त वाईट, असं आबा दोनतीनदा म्हणाले. मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

आणि त्या गावाची एक रीत होती, जी मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. पणती सोडायची ती अशा माणसानं, ज्याचा त्या पेवात एक दाणाही नाही. कुणाचा जावई, कुणी सोयरा, नाहीतर वाटेनं जाणारा एखादा धनगर. हिस्सेदारांनी त्या वेळी वीस पावलं मागं जाऊन पाठ करून उभं राहायचं. साक्षीदार एकटा तोंडाशी. तो जे सांगेल ते खरं. मी आबांना विचारलं, असं का? प्रश्न निबंधासाठी होता, वही हातात होती.

"भुकेल्या मान्साला इझल्याला दिवाबी तेवल्यावानी दिसतो, मास्तर," आबा म्हणाले. "तुमचा दाना न्हाय त्यात. तुमास्नी खोटं बोलायचं काय कारन?"

त्या वर्षीचा साक्षीदार मी होतो. त्यांनी मला मान दिला होता.

मला नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. आदल्या दिवशी अख्खा दिवस होता माझ्याकडं. मी गप्प राहिलो, वेळ येईल तेव्हा काहीतरी होईल असं म्हणत. काही झालं नाही. वेळ मात्र आली.

पहाटे वहिनींनी पेवाभोवती शेणानं सारवलं, कारण पेवाची राखण आबांच्या घराकडं होती. सकाळी चौघांनी मिळून शिळा सरकवली. दुपारी सगळा गाव टेकाडावर जमला. बायकांनी खाली चुली मांडल्या होत्या, दळायला जाती तयार होती. आबांनी पणती पेटवून माझ्या हातात दिली. तिच्या दोरीला सात गाठी होत्या — सातवी गाठ तोंडाशी आली की पणती ज्वारीला टेकली असं समजायचं. मग सगळ्यांनी पाठ केली. दोनशे पाठी. मी पालथा पडलो आणि तोंडावर वाकलो.

काय सांगू तुम्हाला? आतून उबट, आंबूस वास आला, एखाद्या आजारी माणसाच्या तोंडाचा येतो तसा. खाली काळोख. माझे हात असे कापायला लागले की पणतीतलं तेल हिंदकळलं. एक गाठ सोडली. दुसरी सोडली. तिसऱ्या गाठीला माझ्या कानात घूं घूं आवाज यायला लागला, आणि मला वाटलं आता मी डोक्यावर आत जाणार. मी थांबलो. तिसऱ्या गाठीलाच. डोळे मिटून घेतले आणि मोजायला लागलो. शंभर नाही मोजले. वीस असतील, पंचवीस असतील. मग पणती वर ओढली.

पणती विझली होती. वातीच्या टोकाशी एक लाल ठिपका होता, तोही माझ्या देखत गेला.

का विझली? वाफेनं? माझ्या हाताच्या कापण्यानं? घाईनं ओढताना वाऱ्यानं? मला माहीत नव्हतं, हे खरं. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे त्याहून खरं. विझली असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, एवढंच मला दिसत होतं — उद्या पुन्हा. उद्या पुन्हा या तोंडावर पालथं पडायचं, पुन्हा तो वास, पुन्हा त्या गाठी. ते माझ्यानं होणार नव्हतं. त्या क्षणी मला दुसऱ्या कुणाच्या जिवाचा विचारच आला नाही. सखारामदादा आत उतरणार हे मला माहीत होतं, आणि तरीही तो माझ्या डोक्यात नव्हता. फक्त मीच होतो.

आणि इथं ती गोष्ट आहे, जी सांगायला मी इतका वेळ लावला. नुसतं तोंडानं खोटं बोललो असतो तर एकवेळ म्हणता आलं असतं की तोंडून निघून गेलं. तसं नाही झालं. माझ्या खिशात काड्यापेटी होती. आबांच्या चोरून विडी ओढायला मी ती सोलापूरहून नेली होती. मी ती काढली. काडी ओढली आणि पणती पुन्हा लावली. काडीचा आवाज होईल म्हणून खोकलो. मोठ्यानं, दोनदा. जळकी काडी मातीत दाबली, पेटी खिशात टाकली. मग उठून उभा राहिलो आणि म्हणालो, तेवतोय.

सगळे वळले. माझ्या हातात दिवा तेवत होता.

ज्या घरांत काड्यापेटीच नाही, त्या घरांतल्या माणसांच्या हे मनात कसं यावं? आबा म्हणाले, यंदा पेव लवकर निवलं. मी पणती शेजारच्या दगडावर ठेवली. साक्षीदारानं दिवा तेवला असं सांगितलं की उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधत नसत, कारण दोरानं टोपली भरताना अडचण होते. दादानं चंद्राला खांद्यावरून उतरवून वहिनींकडे दिलं, तोंडाच्या कडांना हात टेकले आणि अलगद आत गेला. आतून त्याचा आवाज आला.

"मास्तर, हितं काय सुदिक न्हाय. उगं वरनं भ्या वाटतं."

म्हणजे त्यानं ओळखलं होतं. आडाचा वळसा, हाताचं कापरं, सगळं ओळखलं होतं, आणि आत उतरून मला धीर देत होता.

एक टोपली वर आली. ज्वारी पिवळसर, गरम. दुसरी टोपली खाली गेली, आणि दोर हलेना. आबांनी हाक मारली. पुन्हा मारली. कुणी म्हणालं, पान लागलं असेल, म्हणजे साप चावला असेल. कुणी म्हणालं, फेफरं आलं असेल. वाफेचं नाव कुणी घेईना, कारण दिवा तेवला होता. तो अजूनही दगडावर तेवत होता, माझ्या पायाशी. निवृत्तीनं डोक्याचं मुंडासं फेकलं आणि भावाला काढायला पेवात पाय सोडला.

इथं तरी मी बोलायला हवं होतं. दोन शब्द — निवृत्ती, उतरू नको. तेवढेही माझ्या तोंडून निघाले नाहीत. माझा जिवलग मित्र माझ्या डोळ्यांसमोर कमरेपर्यंत आत गेला, आणि मी बघत उभा राहिलो. त्याला आबांनी काखेत हात घालून ओढलं. म्हाताऱ्यानं काय ओळखलं कुणास ठाऊक, पण त्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं आणि म्हणाले, "येक गेला. दुसरा न्हाय देनार." आडात पडलेल्या घागरी काढायचा गळ आणला. त्या गळानं दादाला वर काढेपर्यंत सूर्य कलला होता.

त्याचं तोंड निळं पडलं होतं. याहून जास्त मी सांगत नाही.

पोलीस पाटलानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, दिवा तेवत होता. त्यानं लिहून घेतलं. मी लगेच निघून गेलो नाही. गेलो तर कुणाला संशय येईल, या भीतीनं तीन दिवस तिथंच राहिलो. कुणी खोकलं तरी मी दचकून मागं बघायचो. ती जळकी काडी मातीत सापडेल असं वाटायचं. मी दोनदा टेकाडाकडं जायला निघालो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून फिरलो. निवृत्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी गाव जेवलं. जेवावंच लागलं, घरांत दुसरं धान्य नव्हतं. पहिली भाकरी साक्षीदाराची, अशी रीत होती. ती दादानं वर पाठवलेल्या टोपलीतल्या ज्वारीची होती; बाकीची ज्वारी त्यानंतर दोन दिवस पेव उघडं ठेवून मग काढली होती. तुम्हाला वाटेल, माझ्या घशाखाली उतरली नसेल. उतरली. मला भूक लागली होती. भाकरी गोड होती. मी दोन खाल्ल्या.

त्याच पंगतीत मी पहिल्यांदा ऐकलं. एक म्हातारी वाढता वाढता म्हणाली, दिवा तेवत होता तर धडधाकट माणूस मेला कसा? पेवाला विटाळ झाला असणार. पहाटे सारवलं कुणी? गोदानं. बाईमाणसाचे चार दिवस आले असतील आणि तिनं सांगितलं नसेल. आबा काही म्हणाले नाहीत. हो नाही, आणि नाहीही नाही. माझ्या मनात काय आलं ते सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. गावाला कारण मिळालं होतं, आणि ते मी नव्हतो.

सोलापूरला परत आलो आणि निबंध लिहिला. घाणा, घोंगडी, राखेतला निखारा, दाणा नसलेल्या साक्षीदाराची रीत, सगळं लिहिलं. मृत्यू लिहिला नाही. निबंध सर्वांना फार आवडला, तो मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला, आणि त्याच्यामुळेच मला शहरातल्या एका शाळेत जागा मिळाली. लग्न झालं. निवृत्तीची पत्रं यायची, आणि प्रत्येक पाकीट मी दोन-दोन दिवस न फोडता ठेवायचो. त्याच्याच पत्रातून कळलं की वहिनींना माळशिरसकडे माहेरी धाडलं. चंद्राला आबांनी ठेवून घेतलं. पोर आमची हाय, म्हणाले.

दोन वर्षांनी वहिनी माझ्या शाळेत आल्या. भावाबरोबर कुर्डुवाडीपर्यंत, तिथून एकट्या रेल्वेनं. मधल्या सुट्टीत शिपायानं सांगितलं, एक बाई आल्यात. मी बाहेर आलो तर त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. कपाळ मोकळं, अंग निम्मं झालेलं. काडी सापडली, असंच मला वाटलं.

त्यांनी आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाल्या, "भावजी, मी इटाळशी नव्हते. मी दिस मोजल्यात. पुन्यांदा मोजल्यात. पर आबा म्हनत्यात, दिवा तेवत हुता, मग दोष तुजाच. तुमी येवढं सांगा. दिवा तेवतच हुता न्हवं? जरा जरी शंका आसंल तुमच्या मनात, तरी पुरं हाय. आबा तुमचा सबूद मानत्यात. माजी पोरगी मला मिळंल."

बघा, किती थोडं मागत होत्या. काड्यापेटीचं नाव काढायची गरज नव्हती. शंका होती, एवढंच म्हणायचं होतं. वात मिणमिणत होती, नीट दिसलं नाही, हात कापत होता — काहीही चाललं असतं. मी उभा राहिलो आणि हिशेब केला. शंका म्हटलं की आबा विचारणार, मग तेव्हा तेवतोय का म्हणालास? मग निवृत्ती विचारणार. मग तो गळ, ते निळं तोंड. माझी नोकरी नवी, बायको गरोदर. ती बाई पदराच्या टोकाशी चाळा करत माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हणालो, "वहिनी, दिवा तेवत होता."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मीच चुकले आसंन मोजायला." मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. त्यांनी ओंजळीनं पाणी प्यालं, निवृत्तीकडून कळलं म्हणून माझ्या होणाऱ्या मुलासाठी आणलेलं कुंची-टोपडं पिशवीतून काढून दिलं, आणि निघाल्या. मी त्यांना स्टेशनवर सोडायलाही गेलो नाही. घंटा झाली होती.

त्या चुकल्या नव्हत्या. त्यांनी दिवस बरोबर मोजले होते. पहिल्या खेपेला मला विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येईल. या खेपेला दोन वर्षं मिळाली होती, आणि तरी मी तेच बोललो.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते सांगून संपवतो. चंद्राचं लग्न झालं तेव्हा मला पत्रिका आली. न जाणं संशयास्पद दिसेल म्हणून मी गेलो. आबा थकले होते, त्यांनी मला हाताला धरून पुढं बसवलं आणि व्याह्यांना सांगितलं की हे सोलापूरचे मास्तर, आमच्या घरावर वेळ आली तेव्हा हे होते. वहिनींना बोलावलं नव्हतं. आईचा पाय मांडवाला लागू नये, असं ठरलं होतं. मी साऱ्या लग्नात दाराकडं बघत बसलो होतो, त्या आल्याच तर काय करायचं या भीतीनं. त्या आल्या नाहीत. अक्षता पडल्यावर नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला आली. आई-बापाच्या जागी कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा निवृत्तीनं माझ्याकडं बोट दाखवलं. चंद्रा वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.